एका सेकंदाचे चित्रीकरण : डोहातली उडी ॲक्शन कॅमेऱ्यात कशी टिपावी

पाच मीटर उंचीच्या कातळावरून सुटलेला माणूस साधारण एका सेकंदात पाण्यात पोहोचतो आणि पाण्याला टेकताना त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. उंची दहा मीटर असेल तर दीड सेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि वेग ताशी ५० किलोमीटरवर जातो. ज्या दृश्यासाठी तुम्ही कॅमेरा विकत घेता, बॅटऱ्या भरता आणि पहाटे उठून घाट उतरता, ते दृश्य एवढेच असते. त्या सेकंदात कॅमेऱ्याचे काहीही सुधारता येत नाही, त्यामुळे सगळे काम त्याच्या आधी उरकलेले असावे लागते. नवख्या मंडळींचा गोंधळ बहुधा इथेच होतो. कॅमेरा उत्तम असतो, पण तो उडी मारणाऱ्याच्याच डोक्याला बांधलेला असतो आणि घरी आल्यावर हाती लागतो तो आभाळाचा, बुडबुड्यांचा आणि स्वतःच्या गुडघ्यांचा व्हिडिओ.

पुढील टप्पे कोलाडच्या कुंडलिकेसारखी नदी, सह्याद्रीच्या पायथ्याचे डोह आणि कोकण किनाऱ्यावरचे खडक डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. उडीची उंची पाच मीटरपर्यंत आणि उडी पायांवर, हे गृहीत धरले आहे. डोके खाली घालून सूर मारणे नवख्याने कातळावरून करू नये. कॅमेरा समोर असताना तर मुळीच नाही.

१. जागा आणि हंगाम ठरवणे

पावसाळा सोडून द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात पाणी गढूळ असते, ओढ कळत नाही, खडकावर शेवाळ धरलेले असते आणि वर घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे पाणी खाली ऊन असतानाही अचानक येते. चित्रीकरणाच्या दृष्टीनेही या दिवसांत पाण्याखालचे काहीच दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण पाणी निवळलेले असते आणि डोहात भरपूर असते. एप्रिल-मे महिन्यांत तोच डोह इतका आटतो की हिवाळ्यातली सुरक्षित जागा उन्हाळ्यात धोक्याची होते.

आपल्याकडच्या नद्यांची पात्रे बेसाल्टची आहेत आणि त्यांत वाहत्या पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे असतात. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे प्रसिद्ध आहेत, पण लहान-मोठे खळगे अनेक नद्यांत सापडतात. याचा अर्थ असा की एका ठिकाणी चार मीटर दोर आत गेला, तरी तिथून हातभर अंतरावर एका मीटरलाच तळ लागू शकतो. म्हणून खोली अंदाजाने किंवा ‘काल इथेच मुले उड्या मारत होती’ या भरवशावर ठरवू नये. दर मीटरला गाठ मारलेली दोरी घ्यावी, टोकाला मुठीएवढा दगड बांधावा आणि लाइफ जॅकेट घातलेल्या पोहणाऱ्याने उडीच्या जागेभोवती निदान आठ-दहा ठिकाणी ती सोडून पाहावी. स्पर्धेतील दहा मीटर उंचीच्या मंचाखाली साडेचार ते पाच मीटर पाणी राखलेले असते. पाच मीटरच्या उडीसाठी मी स्वतः चार मीटरपेक्षा कमी खोली मान्य करत नाही, कारण तलावाचा तळ सपाट आणि माहितीचा असतो, नदीचा नसतो.

कोलाडला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथले राफ्टिंग भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते आणि ते पाणी मुळशी धरणाचे असते. पाणी आले की पातळीही बदलते आणि ओढही. सकाळी लवकर मोजलेली खोली आणि लावलेला ट्रायपॉड दोन्ही नंतर निरुपयोगी ठरू शकतात, म्हणून पाणी केव्हा येणार आणि केव्हा उतरणार हे स्थानिक आयोजकाकडून आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

किनाऱ्यावर हेच काम भरती-ओहोटी करते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि चढ-उतार कमी राहतो. नवख्याने भांगाचा दिवस आणि भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तासभर निवडावा. लाटा खडकावर फुटत असतील तर कॅमेरा पिशवीतून काढूच नये.

२. परवानगी आणि कागदपत्रे

पावसाळ्यात पुणे, रायगड आणि इतर जिल्ह्यांत धबधबे, धरणांचे परिसर आणि डोह यांबाबत जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. हे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि त्यांत पाण्यात उतरण्याबरोबर धोक्याच्या जागी सेल्फी व रील काढण्यावरही बंदी असू शकते. ‘आम्ही फक्त शूटिंग करत होतो’ हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. वनक्षेत्रातील जागा असेल तर वन विभागाची, खासगी जागा असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. आयोजकांमार्फत जाणार असाल, तर महाराष्ट्राच्या २०२१ सालच्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. चांगला आयोजक या प्रश्नावर रागावत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे फार नाहीत : सर्वांची ओळखपत्रे, आयोजकाची पावती व विम्याची माहिती, उडी मारणाऱ्याची चित्रीकरणास संमती आणि तो अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती. कागदावर रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहून तो कोरड्या पिशवीत ठेवावा, कारण अशा ठिकाणी मोबाइलला रेंज असेलच असे नाही. ड्रोन न्यायचा असेल, तर ड्रोन कोठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर त्या जागेचा विभाग आधी पाहावा. मात्र पहिल्या खेपेला ड्रोन नकोच. दोन यंत्रे सांभाळायला माणसे पुरत नाहीत.

३. साहित्य

कॅमेरा सोडून जे साहित्य लागते, त्याचीच यादी मोठी होते.

दोन भरलेल्या बॅटऱ्या. ६४ जीबी किंवा मोठे मायक्रो एसडी कार्ड, ज्यावर ‘व्ही३०’ किंवा ‘यू३’ असे छापलेले असेल. साधे स्वस्त कार्ड स्लो मोशनच्या वेगाने लिहू शकत नाही आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबते. पाण्यावर तरंगणारी, नारिंगी किंवा पिवळ्या रंगाची मूठ, जिला दुकानात ‘फ्लोटी’ म्हणूनच मागावे लागते. छोटा ट्रायपॉड किंवा पकड-क्लॅम्प. गोटे भरून ट्रायपॉडला लटकवण्यासाठी कापडी पिशवी. कोरडी राहणारी ड्राय बॅग, दोन मऊ फडकी, सिलिका जेलच्या पुड्या. खोली मोजण्याची गाठींची दोरी. शिट्टी, पाण्यातल्या माणसांसाठी लाइफ जॅकेट आणि बुडणाऱ्याकडे फेकायची थ्रो बॅग. एक असोला नारळही घ्यावा. त्याचे काम पुढे सांगतो.

४. कॅमेरा पाण्यासाठी तयार करणे

गोप्रोचे अलीकडचे हीरो ब्लॅक कॅमेरे बाहेरच्या डबीशिवाय १० मीटर खोलीपर्यंत पाणी सहन करतात. डीजेआयचा ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. हे आकडे कॅमेरा सावकाश खाली नेल्यास लागू होतात. उडी मारताना हातात असलेला कॅमेरा पाण्यावर आपटतो, आणि तो हिशोब वेगळा आहे. एखादी वस्तू जितक्या मीटर उंचीवरून पडते, जवळजवळ तितक्याच मीटर खोलीवरच्या पाण्याएवढा दाब पाण्यात शिरताना तिच्या समोरच्या बाजूवर येतो. आणि कॅमेऱ्याची सपाट बाजू थेट पाण्यावर थापली गेली, तर क्षणभर हा दाब त्याहून बराच वाढतो. त्यामुळे ‘दहा मीटरपर्यंत वॉटरप्रूफ’ असलेला कॅमेरा दहा मीटरवरून उडी मारायला योग्य आहे, असा अर्थ काढू नये. उडी मारणाऱ्याच्या अंगावर कॅमेरा लावायचाच असेल, तर कंपनीची वेगळी मिळणारी डबी वापरावी.

पाणी आत जाण्याची बहुतेक कारणे झाकणापाशी असतात. बॅटरीचे दार उघडून त्याच्या कडेची रबरी पट्टी उजेडात धरून पाहावी. तिच्यावर वाळूचा एक कण, एक केस किंवा फडक्याचा धागा अडकलेला असेल, तरी तेवढ्या फटीतून पाणी शिरते. कोरड्या मऊ फडक्याने पट्टी पुसावी, दार बंद करताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबावे आणि नखाने कडेवरून फिरवून पाहावे. गोप्रो हीरो ९ ब्लॅकपासून पुढच्या ब्लॅक कॅमेऱ्यांत भिंगावरची काच काढता येते. ती काढलेली असताना कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही, हे विसरू नये. हे सगळे काम घरी किंवा मुक्कामाच्या खोलीत, पंख्याखाली, कोरड्या हातांनी करावे. नदीकाठच्या दमट हवेत दार उघडले की ओलसर हवा आत कोंडली जाते, आणि थंड पाण्यात गेल्यावर भिंगावर आतून वाफ धरते. ती बाहेरून पुसून जात नाही.

५. कॅमेरा कोठे लावायचा

माझे ठाम मत असे आहे की पहिल्या दिवशी उडी मारणाऱ्याच्या अंगावर कॅमेरा लावूच नये. कारणे एकेक करून पाहू. पाण्यात शिरताना शरीर सरळ, पाय जुळलेले आणि हात अंगाशी चिकटलेले हवेत. लांब सेल्फी स्टिक हातात असली की हात बाहेर राहतो आणि पाणी तो खांद्यातून मागे हिसकावते. छातीवरच्या पट्ट्यावरचा कॅमेरा हनुवटीवर आदळू शकतो. दातांत धरायचा माउंट लाटांवर खेळणाऱ्यांसाठी चांगला आहे, पण उडीत तो दातांवर आपटतो. हेल्मेटवर कॅमेरा लावला तर हेल्मेटच्या कडेत पाणी भरून मानेला हिसका बसतो. डोक्याचा पट्टा तर पहिल्याच उडीत निघून जातो. गळ्यात दोरी घालून कॅमेरा अडकवणे हा प्रकार कोणत्याही उंचीवर निषिद्ध मानावा.

मग कॅमेरा ठेवायचा कोठे? सर्वांत उपयोगी जागा म्हणजे समोरचा काठ, पाण्याच्या पातळीजवळ, उडीच्या बाजूने आडवा कोन धरून. खालून आणि बाजूने पाहिले की उंची खरी वाटते. वरून पाहिले तर पाच मीटरचा कडाही पायरीएवढा दिसतो. पाच मीटरच्या उडीसाठी आठ-दहा मीटर अंतर पुरते. चौकटीत वर उडी सुरू होते तो कातळ आणि त्याच्यावर माणसाचे उभे शरीर मावले पाहिजे, आणि खाली पाणी इतके दिसले पाहिजे की उडालेले शिंतोडे कापले जाणार नाहीत. मोबाइलवर पाहण्यासाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर कॅमेराच उभा फिरवून लावावा, नंतर कापाकापी करू नये. ट्रायपॉडचे पाय शेवाळावर न ठेवता कोरड्या कातळावर ठेवावेत आणि गोट्यांची पिशवी मधल्या दांड्याला लटकवावी.

ऊन तुमच्या पाठीशी असावे, हा साधा नियम इथेही लागू पडतो, पण दरीतल्या डोहावर ऊन थोडाच वेळ पोहोचते. आदल्या दिवशी एकदा जाऊन कड्याचा चेहरा केव्हा उजळतो ते पाहून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी घाई होत नाही. काळ्या कातळापुढे काळे कपडे घातलेला माणूस हरवून जातो. उडी मारणाऱ्याला लाल, पिवळे किंवा पांढरे कपडे घालायला सांगावे. पाण्यात शोधायची वेळ आली तरी तेच रंग उपयोगी पडतात.

दुसरी जागा पाण्यातली. लाइफ जॅकेट घातलेला चांगला पोहणारा फ्लोटीवरचा कॅमेरा धरून उडीच्या जागेपासून निदान पाच मीटर बाजूला, ओढीच्या वरच्या अंगाला थांबतो. पाण्याशी डोळा लावून घेतलेले हे दृश्य सर्वांत जिवंत येते. भिंगावर राहिलेला एखादा थेंब मात्र बरोबर चेहऱ्यासमोर येतो. यावर जुना उपाय म्हणजे भिंगाच्या काचेला थुंकी लावून ती पाण्यात बुडवून काढणे. त्यामुळे पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरतो. ऐकायला किळसवाणे वाटते, पण उपयोग होतो. कॅमेरा पाण्याखाली नेऊन माणूस आत शिरतानाचे बुडबुडे टिपायचे असतील, तर पाण्यात सगळे जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठे दिसते हे लक्षात घेऊन आणखी मागे सरकावे.

तिसरी जागा कड्यावर, उडी मारणाऱ्याच्या मागे. इथे कॅमेरा धरणाऱ्याने कडेपासून दोन पावले मागे, बसून चित्रीकरण करावे. स्क्रीनकडे पाहत पाऊल पुढे पडण्याचा धोका इथे सर्वांत जास्त असतो, आणि ती उडी कोणाच्याच योजनेत नसते.

सवय झाल्यावर, तीन मीटरपर्यंतच्या उडीत उडी मारणाऱ्याच्या नजरेतून दृश्य हवे असेल तर आखूड फ्लोटी मुठीत धरावी, हवेत असताना चेहऱ्याकडे वळवावी आणि पाणी येण्यापूर्वी हात मांडीशी चिकटवावा. मनगटाचा फास घट्ट करू नये. कॅमेरा सुटला तर सुटू द्यावा. तो तरंगतो आणि खालच्या अंगाला थांबलेला माणूस उचलतो.

६. सेटिंग

एक सेकंदाची उडी सेकंदाला १२० फ्रेम्सने, म्हणजे १२० चित्रांनी टिपली आणि ३० ने दाखवली तर पडद्यावर चार सेकंद चालते. २४० फ्रेम्सने टिपली तर आठ. नवख्याने ४के स्पष्टता आणि १२० फ्रेम्सपासून सुरुवात करावी. २४० ला बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राची स्पष्टता कमी होते आणि सावलीतल्या डोहात प्रकाश पुरत नाही, त्यामुळे चित्रात दाणे येतात. भिंगाचा कोन ‘लिनिअर’ ठेवावा, म्हणजे कडा वाकडा दिसत नाही. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याचे स्टॅबिलायझेशन (चित्राचे हलणे कमी करणारी सोय) बंद आणि हातातल्याचे चालू ठेवावे. पाण्याचे थेंब सुटे-सुटे दिसायला हवे असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा वेळ, एक हजारांश सेकंदाच्या आसपास न्यावे. ऊन चांगले असेल तर कॅमेरा स्वतःच तिथे पोहोचतो.

ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून ते लॉक करून फक्त बटणे वापरावीत. पाण्याखाली ब्लूटूथ किंवा वाय-फाय चालत नाही, तेव्हा रिमोटवर किंवा मोबाइलवर भिस्त ठेवू नये. बटण दाबण्याआधीचे १५ किंवा ३० सेकंद राखून ठेवणारी सोय काही कॅमेऱ्यांत असते; गोप्रोत तिचे नाव ‘हाइंडसाइट’ आहे. बॅटरी जास्त खाते, पण घाबरून दहा मिनिटे कड्यावर उभ्या राहणाऱ्या मित्रासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

७. माणसांची वाटणी आणि नारळाचा सराव

किमान चार माणसे हवीत : उडी मारणारा, कॅमेरा सांभाळणारा, पाण्यावर लक्ष ठेवणारा आणि खालच्या अंगाला थ्रो बॅग घेऊन उभा असणारा. पैकी कॅमेरेवाल्याला सुरक्षेचे कोणतेही काम देऊ नये. त्याची नजर स्क्रीनवर असते आणि चौकटीबाहेर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. उडीची खूण पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्यानेच द्यावी : एक हात सरळ वर म्हणजे जागा मोकळी आहे, दोन्ही हात आडवे म्हणजे थांबा. कॅमेरा तयार नसेल तर कॅमेरेवाला थांबवू शकतो, पण ‘मार उडी’ असे तो कधीही म्हणणार नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

आता नारळ. असोला नारळ पाण्यावर तरंगतो, लांबून दिसतो आणि कड्यावरून सोडला तर माणसाएवढ्याच वेळात पाण्यात पडतो. पाणी पूर्ण मोकळे असल्याची खात्री करून, लक्ष ठेवणाऱ्याच्या खुणेवर, उडीच्या जागेवरून तो दोनदा-तीनदा सोडावा आणि प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग करून लगेच पाहावे. चौकट, उजेड, फ्रेम्स, खुणा आणि माणसांच्या जागा या सगळ्यांची तपासणी त्यात होते. पडल्यावर तो किती वेगाने आणि कोणीकडे वाहत जातो, यावरून ओढही कळते. चित्रात नारळ नीट आला नाही, तर माणूसही येणार नाही.

८. प्रत्यक्ष उडी

उडीच्या निदान अर्धा मिनिट आधी रेकॉर्डिंग सुरू करून लाल दिवा लागल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि तसे मोठ्याने सांगावे. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावू नये. उडी झाल्यावर माणूस वर येऊन हात उंचावेपर्यंत आणि काठाला लागेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवावे. उडीनंतरचा चेहरा बहुतेक वेळा उडीपेक्षा चांगला येतो.

‘एकदा आणखी, नीट आली नाही’ हे वाक्य या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे. दमलेला, थंडीने कुडकुडणारा किंवा पहिल्या उडीत पाण्यावर आडवा आपटलेला माणूस भिडेपोटी पुन्हा वर चढतो आणि शेवाळलेल्या वाटेवर घसरतो. दुसरी उडी मारायची की नाही हे त्यानेच, इतर कोणी न विचारता, ठरवावे. चित्रीकरण बिघडले असेल तर ते बिघडलेलेच राहू द्यावे.

दोन उड्यांच्या मधल्या वेळात कॅमेरा तापलेल्या कातळावर ठेवू नये, कारण १२० फ्रेम्सवर तो आधीच गरम झालेला असतो आणि उन्हात बंद पडतो. ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवला तर चालतो. बॅटरी बदलायची असेल तर कॅमेरा आणि हात पूर्ण कोरडे करून, काठापासून दूर जाऊन, दार खालच्या बाजूला धरून उघडावे.

९. परतल्यावर

दार न उघडता कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि बटणे पाण्यातच काही वेळा दाबावीत. समुद्रावरून आला असाल तर यात टाळाटाळ करू नये. वाळलेले मीठ बटणांखाली आणि माइकच्या छिद्रांत बसते आणि पुढच्या वेळी बटण अडकते. नळाची जोरदार धार किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. पुसून, सावलीत वाळवून मगच दार उघडावे, कार्ड काढावे आणि कॅमेरा रात्रभर दार उघडे ठेवून सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा. आवाज काही काळ दबका येत असेल तर माइकमध्ये पाणी आहे, तो वाळला की सुधारतो.

कार्डावरील फायली दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नये. संकलनात धाव आणि पाय सुटण्याचा क्षण मूळ वेगात ठेवून, हवेतला भाग संथ करावा आणि पाण्याला टेकताच पुन्हा मूळ वेग आणावा. सगळेच संथ केले तर पाहणाऱ्याला उंची जाणवत नाही. व्हिडिओ लोकांसमोर ठेवताना जागेचा नेमका पत्ता देणार असाल, तर मोजलेली खोली, महिना आणि पाण्याची वेळ सोबत लिहावी. ते लिहायचे नसेल तर पत्ताही देऊ नये.